सावनीने अर्ज लवकर केला

शरच्चंद्र दामले बहरिनमध्ये, मनामातल्या एका बँकेच्या रिस्क विभागात होते. कुठल्या व्यवहारात काय काय बिघडू शकतं हे आधीच हेरून त्याची यादी करायची, हे त्यांचं काम. अठरा वर्षांत ते काम अंगात इतकं मुरलं होतं की घरात नवा मिक्सर आला तरी ते आधी माहितीपत्रकातल्या सगळ्या सूचना वाचत आणि मगच खोका उघडत. उम्म अल हस्सममधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये प्रथमोपचाराच्या तीन पेट्या होत्या. बायको नीला एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होती. तिला या पेट्यांचा त्रास वाटत नसे. तो काळजी करतो म्हणून मला करावी लागत नाही, कामाची वाटणी झालेली बरी, असं ती म्हणायची.

त्यांची एकुलती एक मुलगी सावनी अकरावी संपवत होती. इथल्या बऱ्याच मुलांसारखं तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मार्चमधल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मटकीच्या उसळीत पाव बुडवता बुडवता तिने सांगितलं, "बाबा, आय ॲम अप्लायिंग टू द एनडीए. फर्स्ट चान्सलाच."

शरच्चंद्रांनी घास तोंडाजवळून परत ताटात ठेवला.

हे अचानक आलेलं नव्हतं, फक्त त्यांना माहीत नव्हतं. महिनाभरापूर्वी भारतीय नौदलाचं एक जहाज मीना सलमान बंदराला लागलं होतं आणि भारतीय शाळांमधल्या मुलांना ते दाखवायला नेलं होतं. बाकीची मुलं तोफेपाशी फोटो काढत होती तेव्हा एका तरुण लेफ्टनंट बाईने सावनीला विचारलं, वारा या बाजूने असेल आणि पाण्याची ओढ त्या बाजूने, तर नांगर कुठे टाकशील. सावनीला सांगता येईना. ती बाई म्हणाली, तुझ्या वयात मलाही येत नव्हतं, आणि खाली उकिडवी बसून तिने खडूने डेकवर आकृती काढून दाखवली. सावनीला आजवर शिक्षकांनी, क्लासच्या सरांनी आणि वडिलांनी पुष्कळ शिकवलं होतं, पण मलाही येत नव्हतं असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. त्या रात्रीपासून तिने एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेचा अभ्यासक्रम, वयाच्या अटी, मुलींसाठीच्या जागा असं सगळं वाचून काढलं होतं. बारावीला बसलेल्या मुलांना अर्ज करता येतो, म्हणजे मे महिन्यात ती पहिल्यांदा पात्र ठरणार होती, आणि मे महिन्यातच तिला अर्ज करायचा होता.

संध्याकाळपर्यंत शरच्चंद्रांची यादी सतरा मुद्द्यांवर पोचली. नववा मुद्दा उंच फळीवरून पाण्यात उडी हा होता, बारावा कापावे लागणारे केस. सतराव्यात त्यांनी फक्त 'युद्ध' एवढंच लिहिलं होतं. सैन्यात जायला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता, पण इतकी घाई कशाला, आधी पदवी घे, पदवीनंतरही दुसरी परीक्षा देऊन जाता येतं, असं त्यांनी मुलीला तासभर समजावलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं की सतरापैकी कुठला मुद्दा चार वर्षांनी कमी होणार आहे. ते यादी पुन्हा वाचायला लागले. केसांचा सोडला तर एकही नव्हता, आणि केसांचाही नव्हता.

नंतर स्वयंपाकघरात नवराबायकोची बैठक झाली. सावनी शेजारच्या खोलीत होती, म्हणून ते नेहमीप्रमाणे जड मराठीत बोलू लागले. मुलीला उसळ, बस, लवकर ये एवढं मराठी कळतं, पण पुस्तकी शब्द डोक्यावरून जातात, असा त्यांचा बारा वर्षांचा अनुभव होता आणि वाढदिवसाच्या भेटींपासून दाताच्या डॉक्टरपर्यंतची सगळी गुपितं त्याच भाषेत राखली गेली होती.

"कन्येचा मनोदय तूर्तास मान्य करावा," नीला म्हणाली.

शरच्चंद्रांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण नीलाचा हिशोब सरळ होता. आत्ता नाही म्हटलं तर मुलगी एकविसाव्या वर्षी जाईल आणि तेव्हा आपल्याला विचारणारही नाही. आत्ता भरू दे. लाखो मुलं बसतात, मुलींच्या जागा मोजक्या, पहिल्या फटक्यात कोण निवडलं जातं? अपयश येईल, दोन दिवस रुसेल आणि बारावीच्या अभ्यासाला लागेल. जितका लवकर अर्ज, तितकं लवकर अपयश, तितका लवकर इलाज.

शरच्चंद्रांनी बायकोकडे नव्या आदराने पाहिलं. बँकेत त्यांच्या हाताखालच्या सहा माणसांपैकी एकालाही हे सुचलं नसतं.

तेव्हा अर्ज भरायचं ठरलं, आणि एकदा ठरल्यावर तो चुकीचा भरला जाणं शरच्चंद्रांना सहन होणारं नव्हतं. मुलीला नापास व्हायचं असेल तर तिने गुणांवर व्हावं, रकान्यावर नाही. मे महिन्यात दोन शुक्रवार ते तिच्या शेजारी बसले. सगळ्यात जास्त वेळ नोंदणीतल्या 'जवळचं रेल्वे स्टेशन' या रकान्याने खाल्ला. बहरिनमध्ये रेल्वे मफी, नाहीच, मुळात रूळच नाहीत. सगळ्यात जवळचं स्टेशन समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीत, दम्मामला. खोटं लिहायचं नव्हतं, आणि दम्माम लिहिलं तर कुणीतरी अधिकारी मुलीला दम्मामहून गाडी पकडायला सांगेल अशी त्यांना धास्ती वाटली. ते हेल्पलाइनला ईमेल लिहीत असताना सावनीने कायमच्या पत्त्याखाली चिंचवड लिहून पान पुढे सरकवलं. शरच्चंद्रांचं दुपारभर कशात लक्ष लागलं नाही.

जूनमध्ये त्यांना आणखी एक उपाय सुचला. त्यांची गाडी तुबलीतल्या लतीफ नाखवांच्या गॅरेजमध्ये जायची. लतीफभाई मूळचे मुरूडचे. भारतीय नौदलात पंधरा वर्षं इंजिनरूममध्ये काढून ते निवृत्त झाले होते आणि मग बहरिनला येऊन त्यांनी गॅरेज टाकलं होतं. शरच्चंद्रांनी ठरवलं की खऱ्या आयुष्याची थोडी झळ याच माणसाकडून मुलीला लागावी. गाडीचा एसी दाखवायच्या निमित्ताने ते तुबलीला गेले आणि मोघम बोलले. मुलगी लहान आहे, तिला यातलं काही माहीत नाही, तुम्ही तिला जरा कडक दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. घाबरवा हा शब्द तोंडातून निघेना.

लतीफभाईंनी बॉनेट बंद केलं. "साहेब, मी ऑफिसर कधी झालो नाय. पण पंधरा वर्षं ऑफिसर सांभाळले. कुठला टिकतो आणि कुठला नाय, ते मला वासावरनं कळतं. शनिवारी सकाळी पाठवा."

शरच्चंद्र समाधानाने घरी आले. लतीफभाईंनी कडकचा अर्थ कडक असाच घेतला आहे, हे त्यांना शनिवारी कळलं.

ते मुलीला घेऊन सकाळी सहाला पोचले, कारण जूनमध्ये त्यानंतर तुबलीत पत्र्याखाली उभं राहवत नाही. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत लतीफभाईंनी पिवळ्या रंगाने दोन रेषा मारल्या होत्या. मधली जागा म्हणजे नदी. नदीत जुन्या टायरांच्या दोन चवडी आणि लाल रंगाचा एक ठोकळा. सामान म्हणजे एक फळी, एक दोरी आणि ऑइलचा भरलेला डबा. नदीला पाय न लावता आणि लाल रंगाला न शिवता सगळ्यांनी डब्यासकट पलीकडे जायचं, आणि हुकूम सावनीने द्यायचे. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोर पाच दिवस राहावं लागतं तेव्हा असलंच काहीतरी करायला लावतात, असं त्यांनी सांगितलं. संघात हेडमेकॅनिक जैनुद्दीन होता आणि दोन बांगलादेशी कारागीर होते. एक माणूस कमी पडत होता. लतीफभाईंनी शरच्चंद्रांच्या हातात दोरीचं टोक दिलं.

सावनीने सुरुवात केली ती 'कुड यू प्लीज' अशी. जैनुद्दीनने आदराने मान हलवली आणि तो जागेवरच उभा राहिला. तिने पुन्हा विनंती केली, त्याने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा लतीफभाई बाजूच्या खुर्चीवरून म्हणाले की बेटा, हा माणूस चांगला आहे, पण त्याला बारा वर्षांत कुणी प्लीज म्हटलेलं नाय, त्याला वाटतंय तू अजून प्रस्तावना करतेस. सावनी हिंदीत शिरली. तिचं हिंदी शाळेतलं होतं. कृपया तख्ता उठाइए असं म्हटल्यावर कारागीर हसले, पण फळी उचलली गेली.

फळी टायरांवर टेकली आणि शरच्चंद्रांनी दोरी धरल्या धरल्या सांगितलं की टायर गोल आहे, फळी सरकेल. सावनी थांबली. मग त्यांनी सांगितलं की डबा आधी नेला तर सांडेल. ती पुन्हा थांबली. डबा नंतर नेला तर मागे तो उचलायला माणूस उरणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"साहेब," लतीफभाई म्हणाले, "शत्रू आला."

"कुठून?"

"मागनं. तुमचं भाषण चाललेलं तेव्हा."

सावनीने वडिलांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मराठीत हुकूम दिला. "बाबा, बोलू नका. फळीवर बसा." वजनासाठी त्यांनी फळीच्या मागच्या टोकावर बसायचं होतं. ते बसले. पुढचे तिघे डब्यासकट पलीकडे गेले, शेवटी सावनी गेली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की फळी दाबून बसलेल्या माणसाला आणायची योजनाच केलेली नाही. शरच्चंद्र अलीकडच्या तीरावर एकटे बसून राहिले. शत्रूच्या ताब्यात गेले, असा निकाल लतीफभाईंनी दिला, आणि घरून बायकोने, नूरबानोभाभींनी, पाठवलेला नाश्ता पलीकडच्यांना आधी वाटला.

घरी येताना शरच्चंद्रांना वाटलं की आता पोरीचा उत्साह मावळेल. ती गाडीत कागदावर काहीतरी काढत होती. ती टायरांची नवी मांडणी होती.

त्यानंतर शनिवार चुकला नाही. ऑगस्टपर्यंत जैनुद्दीन तिच्या हुकमाआधी अर्धी फळी उचलू लागला, तिचं हिंदी गॅरेजसारखं झालं, आणि शरच्चंद्र सहापैकी चार वेळा पलीकडे पोचू लागले. पोटाचा घेर कमी झाल्याचं बँकेत कुणीतरी बोलून दाखवलं तेव्हा त्यांना आनंद झाला, पण कारण सांगता येईना. मुलीला परावृत्त करण्यासाठी मी दर शनिवारी डबे वाहतो, हे वाक्य कसंही फिरवलं तरी बरं दिसत नव्हतं. लतीफभाईंकडे त्यांनी एकदा हळूच चौकशी केली की मुलगी टिकेल असं वाटतं का. लतीफभाई म्हणाले, इंशाल्ला, टिकली तर तुमच्यामुळेच. तुमच्यासारखा माणूस घेऊन जी नदी पार करेल ती कायपण करेल.

सप्टेंबरमध्ये सावनी आईबरोबर मुंबईला जाऊन लेखी परीक्षा देऊन आली. गणित बरं गेलं, बाकीचं ठीक, असं म्हणाली. नीला आणि शरच्चंद्र निर्धास्त होते. ठीक या शब्दावर त्यांची मोठी भिस्त होती.

निकाल लागला तेव्हा नीला साइटवर होती. तिने यादीतला सावनीचा नंबर तीनदा वाचला, मग एका फोरमनकडून वाचून घेतला. संध्याकाळी लतीफभाई बहरिनी हलव्याचा डबा घेऊन आले, सगळ्यांना भरवून गेले. मग स्वयंपाकघरात बैठक बसली. अपयशाचं ठरलेलं ठिकाण मागे पडलं होतं. तरी अजून निवड मंडळ बाकी आहे, नीला म्हणाली. पाच दिवसांची मुलाखत, पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त उमेदवार घरी पाठवतात. शरच्चंद्रांनी विचारलं की तोवर आपलं धोरण काय असावं.

सावनी पाण्याची बाटली भरायला आत आली होती. तिने बाटली भरली. मग झाकण लावत म्हणाली, "सो, कन्येचा मनोदय अजून तूर्तास मान्य आहे ना?"

नीलाने गॅस बंद केला.

"आय लुक्ड इट अप," ती म्हणाली. "मार्चमध्ये. मनोदय, तूर्तास, दोन्ही."

नीलाने काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि सोडून दिली. पोरगी चिडलेली असती तर बरं झालं असतं असं शरच्चंद्रांना वाटलं, पण ती चिडलेली नव्हती. तिने सांगितलं की तुम्ही दोघं हो म्हणालात तेवढं मला पुरे होतं, कारणं तुमची तुमच्याकडे ठेवा. मग ती अभ्यासाला गेली. सहा महिने तिने हे पोटात ठेवलं आणि एका शब्दाने कळू दिलं नाही, याचं नीलाला फार लागलं. शरच्चंद्र मात्र बराच वेळ विचार करून म्हणाले की गुप्तता राखण्याच्या बाबतीत मुलगी आपल्या दोघांपेक्षा सरस आहे. ते बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे कौतुक आहे.

जानेवारीत भोपाळच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं. नीलाला रजा मिळाली नाही, शरच्चंद्र बरोबर गेले. सावनीने त्यांना बजावलं होतं की गेटपर्यंतच यायचं, आणि ते गेटपर्यंतच गेले. आत गेल्यावर मुलांचे फोन जमा करून घेतात. पहिल्या दिवसाच्या चाळणीत जे गळतात त्यांना संध्याकाळी बसने स्टेशनवर आणून सोडतात, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. सांत्वनाचं भाषणही तयार होतं. ते त्यांनी चार कार्डांवर लिहिलं होतं, कारण ऐन वेळी आपण अडखळतो हे त्यांना माहीत होतं.

चार वाजल्यापासून ते स्टेशनबाहेर उभे होते. पहिली बस आली. मुली उतरू लागल्या. काहींचे डोळे लाल, काही फोनवर, काही नुसत्याच बॅग ओढत. शरच्चंद्र एकेक चेहरा बघत होते. आली नाही. दुसऱ्या बसच्या वेळी त्यांनी कार्डं खिशातून काढून हातात घेतली होती, आणि प्रत्येक मुलगी उतरली की ते मनातल्या मनात ही नव्हे, ही नव्हे असं म्हणत होते. बस रिकामी झाली तेव्हा त्यांनी वर चढून मागच्या सीटपर्यंत पाहून घेतलं. ड्रायव्हरने विचारलं, काही हरवलंय का. नाही, ते म्हणाले, आणि खाली उतरून एका बाकावर बसले.

नीलाला फोन लावला. "आली नाही."

"म्हणजे पास?"

"म्हणजे पास."

मग नीलाने विचारलं, कार्डांचं काय केलंस. शरच्चंद्रांनी सांगितलं की आहेत खिशात.

पुढचे चार दिवस ते हॉटेलच्या आसपास फिरले. दुसऱ्या उमेदवारांचे तिघे वडील तिथेच उतरले होते. त्यातले एक कानपूरचे गृहस्थ रोज सकाळी सगळ्यांना आपल्या मुलीचा अंदाज सांगत. शरच्चंद्रही सांगू लागले. माझी मुलगी सामूहिक कामात चांगली आहे, माणसं हाताळते, फक्त मागच्या माणसाची सोय विसरते, तेही आता सुधारलं आहे, असं ते म्हणाले. कानपूरकरांनी विचारलं, तुम्ही लष्करातले का. शरच्चंद्रांनी सांगितलं की बँकेतला आहे, पण सराव आहे.

पाचव्या दिवशी दुपारी सावनी गेटमधून बाहेर आली. बॅग खाली ठेवली.

"बाबा, नाही झालं."

त्यांनी कार्डं काढली नाहीत. "का?" त्यांनी विचारलं.

मंडळ कारण सांगत नाही, हा नियमच आहे, असं तिने सांगितलं. शरच्चंद्रांना हे पटेना. अठरा वर्षांत त्यांनी कारण लिहिल्याशिवाय एक अर्ज नामंजूर केला नव्हता. ते गेटवरच्या जवानाकडे गेले आणि निवडीचे निकष कुठे बघायला मिळतील असं नम्रपणे विचारलं. जवान म्हणाला, साब, मुझे तो सिर्फ गेट का मालूम है. त्याने ते इतक्या सभ्यपणे सांगितलं की पुढे भांडता येईना.

रिक्षात सावनी दुसऱ्या बाजूला तोंड करून थोडं रडली. शरच्चंद्र समोरच्या आरशात बघत बसले. मग तिला भूक लागली. एका टपरीवर तिने दोन प्लेट पोहे आणि जिलेबी खाल्ली आणि तिला वाचा फुटली. जोरहाटची एक मुलगी कशी दोरीवरून उलटी लटकली आणि तशीच गाणं म्हणत राहिली, जेवणात काय होतं, मुलाखतीत काय विचारलं. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं होतं की इतक्या लहान वयात अर्ज करायची घाई का, आणि तिने देशसेवेवर पाठ केलेलं एक छान उत्तर दिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि दुसरा प्रश्न विचारला होता. तिथेच काहीतरी गेलं, असं तिला वाटत होतं.

नीला फोनवर फार भडकली. कोण लोक आहेत हे, मुलीत काय कमी आहे, पाच दिवस ठेवून घेतलं ते कशाला, असं ती बरंच बोलली. हे सगळं ठरल्याप्रमाणेच झालं आहे याची शरच्चंद्रांनी तिला आठवण करून द्यावी की नाही याचा विचार केला आणि दिली नाही. उलट ते म्हणाले की पुढच्या अर्जाची मुदत बघायला हवी.

"मुदत संपली," सावनी जिलेबी संपवत म्हणाली.

शरच्चंद्रांचा चेहरा पडला. तो पडलेला तिने नीट पाहून घेतला. "डिसेंबरमध्ये संपली. मी डिसेंबरमध्येच भरलाय, पहिल्याच आठवड्यात. या निकालावर थांबले असते तर चान्स गेला असता."

"सगळे रकाने नीट भरलेस?"

"बाबा."

बारावीची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये तिने दुसरी लेखी परीक्षा दिली. यावेळी बहरिनच्या घरात कुणी धोरण आखलं नाही. नीलाने गणिताचे जुने पेपर छापून आणले. शनिवारी ती स्वतः तुबलीला येऊ लागली आणि पहिल्याच दिवशी इंजिनिअर म्हणून टायरांच्या मांडणीत चूक काढून लतीफभाईंशी वाद घालून बसली. त्या दोघांचा वाद चालू असताना सावनीने माणसं पलीकडे नेलीसुद्धा. लेखी निघाली. ऑगस्टमध्ये पुन्हा भोपाळ, आणि यावेळी ती एकटी गेली.

शेवटच्या दिवशी शरच्चंद्र बँकेत एका मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर त्यांचंच सादरीकरण चालू होतं. फोन वाजला आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर उचलला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"बाबा, झालं. रेकमेंडेड."

त्यांनी तिला एवढंच विचारलं की यावेळी काय वेगळं केलंस. तिने सांगितलं की मुलाखतीत तोच प्रश्न आला, इतक्या लवकर अर्ज का केलास. यावेळी तिने खरं उत्तर दिलं. मला लवकर करायचाच होता, पण आईबाबांनी परवानगी दिली ती मी लवकर नापास होईन म्हणून, असं तिने सांगितलं. अधिकारी हसले, मग त्यांनी विचारलं, तुला राग नाही आला? तिने सांगितलं, आला होता, पण बाबा त्याच काळात दर शनिवारी माझ्यासाठी फळीवर बसत होते, त्यामुळे फार वेळ टिकला नाही.

"हे तू मंडळासमोर सांगितलंस?"

"हो. त्यांनी फळीबद्दल बरंच विचारलं."

मीटिंगमधले आठ जण त्यांच्याकडे पाहत होते. विभागप्रमुखांनी विचारलं, काही गंभीर आहे का. शरच्चंद्रांनी माझी मुलगी एवढंच म्हटलं. ते बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. उरलेलं सादरीकरण त्यांच्या हाताखालच्या माणसाने केलं.

वैद्यकीय तपासणी पार पडली. नोव्हेंबरच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव मुलींमध्ये शेवटून तिसरं होतं. त्याला लतीफभाईंनी हरकत घेतली नाही. जहाज बंदर सोडतं तेव्हा शेवटून तिसरा चढलेलाही जहाजावरच असतो, असं ते म्हणाले. जानेवारीत नवराबायको तिला खडकवासल्याला सोडून आले. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण एक सीनियर मुलगी तिला पळायला सांगत होती आणि ती पळत होती. बॅगेत शरच्चंद्रांनी प्रथमोपचाराची एक पेटी घातली होती. ती गेटवरच परत मिळाली.

पहिला फोन तिसऱ्या रविवारी येणार होता, तीन मिनिटांचा. वेळ पक्की नव्हती. लतीफभाई आणि नूरबानोभाभी सकाळीच उम्म अल हस्समला येऊन बसले. कुणी काय विचारायचं ते नीलाने वाटून दिलं. शरच्चंद्रांनी तब्येतीचं विचारायचं, नीलाने अभ्यासाचं, लतीफभाईंनी पोहण्याचं, आणि कुणीही मध्ये बोलायचं नाही. फोन आला तेव्हा चौघं एकदम बोलले. पलीकडे सावनीचा आवाज बसलेला होता. ती म्हणाली की मी बरी आहे, काल रांगेत उभी असताना झोपले आणि कुणाला कळलं नाही, जोरहाटची मुलगीही दुसऱ्या खेपेला निवडली गेली आणि माझ्याच तुकडीत आहे, पोहण्यात मी सगळ्यात मागे आहे. लतीफभाईंनी ओरडून सांगितलं की पाय मार, हात नंतर.

"जेवण पुरतं का?" नीलाने विचारलं. हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला नव्हता.

"पुरतं, पण वेळ पुरत नाही. आई, मी फोन ठेवते, मागे सोळा जणी उभ्या आहेत."

आणि तो बंद झाला. चौघं टेबलाभोवती तसेच उभे होते. तीन मिनिटंही झाली नव्हती, असं शरच्चंद्र घड्याळ बघून म्हणाले. नूरबानोभाभी डोळे पुसत चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. लतीफभाईंनी खुर्ची ओढली आणि नीलाला सांगितलं की पोहण्यात मागे असणं चांगलं, सगळ्यात जास्त वेळ पाण्यात तोच राहतो. नीलाने त्यावर लगेच वाद सुरू केला.